स्थलांतर फ्रीजचे, चिंता इन्सुलिनची

नागपुरात घर बदलण्याचे बेत बहुधा मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत आखले जातात; आणि नेमका त्याच काळात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. मे 2013 मध्ये तर तो 47.9 अंशांवर पोहोचला होता. महालातील जुने घर सोडून मनीषनगरच्या सदनिकेत जाताना कपाटांची, भांड्यांची, देव्हाऱ्याची यादी होते. फ्रीजमधील इन्सुलिन मात्र त्या यादीत क्वचितच असते. फ्रीज बंद केल्यापासून नव्या घरी तो पुरता थंड होईपर्यंत सहज एक दिवस जातो. तेवढा वेळ औषध कोठे राहील, हे ठरवूनच टेम्पो बोलवावा.

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत 25 ते 30 अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मर्यादा वेष्टनातील पत्रकात दिलेली असते. तेव्हा एका दिवसासाठी धास्तावण्याचे कारण नाही. परंतु नवतपाच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत 30 अंश कोठले? सर्वांत निर्धोक मार्ग शेजारधर्माचा आहे. आदल्या दिवशीच औषधे नाव घातलेल्या डब्यात भरून शेजाऱ्यांच्या किंवा नातलगांच्या फ्रीजमध्ये ठेवावीत. काचबिंदूचे काही थेंबही थंड जागी ठेवायचे असतात; तेही सोबत द्यावेत.

हे जमण्यासारखे नसेल तर बर्फ घातलेला रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा, पण कुपी जाड टॉवेलात गुंडाळावी. मायेपोटी अनेक जण ती थेट बर्फात खुपसतात. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते. ते टाकूनच द्यावे. बर्फही नसेल तर माठाचा आधार आहे. मोठ्या माठात ओली वाळू, तीत लहान मडके, मडक्यात कोरड्या डब्यात औषध आणि वर ओले फडके. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपला कूलर याच न्यायाने चालतो. माठात 8 अंश मिळणार नाहीत, पण वापरातील कुपीला काही तास निभावण्याइतका गारवा मिळतो. श्रावणाच्या दमट हवेत मात्र या उपायावर विसंबू नये.

आता फ्रीजकडे वळू. आदल्या रात्री तो बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडले तर आतील वायू निघून जातो, आणि अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमधील हा वायू ज्वालाग्राही असतो. मागच्या ताटलीतील पाणी ओतून टाकावे, काचेचे कप्पे चादरीत बांधावेत, दार दोरीने आवळावे. फ्रीज उभाच न्यावा. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. हमालांना हे टेम्पो येताच सांगावे; जिन्यात निम्म्यावर आल्यावर कोणी ऐकत नाही. ज्येष्ठांनी हात लावू नये. रिकामा फ्रीजही 35-40 किलोंचा, मोठा तर त्याहून कितीतरी जड असतो, आणि एका हिसक्याने धरलेली कंबर महिनोन्‌महिने सुटत नाही.

नव्या घरी फ्रीज भिंतीपासून वीतभर दूर, सपाट जागी ठेवावा. उभा आणला असेल तर दोन-चार तासांनी, आडवा आणावा लागला असेल तर पूर्ण दिवस थांबून सुरू करावा. तोवर दार किलकिले ठेवल्यास वास धरत नाही. घरात नातवंडे असतील तर त्याकडे लक्ष असू द्यावे.

औषधे लगेच आत ठेवण्याची घाई नको. मधल्या कप्प्यात साधा तापमापक ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. आकडा 2 ते 8 च्या दरम्यान स्थिरावला असेल तरच शेजाऱ्यांकडील डबा आणावा आणि मधल्याच कप्प्यात ठेवावा. दारात नको, बर्फाच्या कप्प्यालगतही नको. उष्णतेने बिघडलेले इन्सुलिन डोळ्यांना बहुधा ओळखू येत नाही. म्हणून पुढील आठवडाभर साखर थोडी अधिक वेळा तपासावी. आहार व मात्रा तीच असूनही आकडे चढत असतील, तर मात्रा आपल्या मनाने न वाढवता डॉक्टरांना विचारून नवी कुपी सुरू करावी.