आपल्या पोरांना वीस तास, त्यांच्या पोरांना शून्य?

आमच्या शेजारचा मुलगा अमेरिकेत शिकतो. आई त्याची वर्षानुवर्षं पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जाणारी. तो तिकडे युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये सकाळची शिफ्ट करतो. घरी सुरुवातीला सांगितलं होतं लायब्ररीत आहे म्हणून. खरकटे ट्रे विसळतो हे आईला चार महिन्यांनी कळलं. ती म्हणाली, मग त्यात लपवायचं काय?

गेल्या खेपेला आला तेव्हा त्याने एक गंमत सांगितली. आठवड्याचे १९ तास ४० मिनिटं भरली होती. सुपरवायझरने सांगितलं, वीस मिनिटांनी हातातलं काम असेल तिथे ठेव आणि निघ. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी नाही. एक्सचेंजवर, म्हणजे एखाद-दोन सेमिस्टरसाठी गेलेल्या मुलांच्या व्हिसाला तर कॅम्पसवरच्या कामासाठीही आधी लेखी परवानगी लागते. कॅनडात नेहमीच्या विद्यार्थ्याला नोव्हेंबर २०२४ पासून बाहेर २४ तास काम करता येतं, पण एक्सचेंजवाल्याला कॅम्पसबाहेर काम नाहीच. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, आणि विद्यापीठातच सहायक म्हणून केलेलं काम त्यात धरत नाहीत.

(जाता जाता, वसईतल्या पालकांसाठी. ‘तिकडे गेला की पार्टटाइममधून फी निघेल’ हे एजंटचं गणित खोटं आहे. वीस तासांत डाळ-तांदूळ आणि खोलीच्या भाड्यातला वाटा निघतो. जर्मनी तर व्हिसाआधीच वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवायला लावते. त्या वीस तासांच्या भरवशावर वाडी गहाण ठेवू नका.)

पण मला बोलायचंय ते वेगळंच.

आपल्याकडे शिकायला येणाऱ्या परदेशी पोरांना किती तास? शून्य. विद्यार्थी व्हिसावर भारतात नोकरी करता येत नाही. आपल्या वर्तक किंवा विवा कॉलेजच्या गेटवर हा प्रश्न दिसणार नाही, पण पुण्यात जा. इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतल्या देशांतून पोरं तिथे वर्षानुवर्षं येताहेत. १५ ऑगस्ट २०२१ला तालिबानने काबूल घेतलं, तिकडच्या बँका बंद झाल्या आणि पुण्यातल्या कित्येक अफगाण मुलांना घरून येणारे पैसे थांबले. खोलीचं भाडं द्यायचं कुठून? हात-पाय धड, शिक्षण चालू, काम करायची तयारी, आणि नियम म्हणतो काम करायचं नाही. मग उरतं काय? मदत मागणं, नाहीतर चोरून काम.

आणि हे कुठे, तर महाराष्ट्रात! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७मध्ये साताऱ्याला कॉलेज काढलं आणि तिथे पोरांना कामाच्या बळावर शिकवलं. कमवा आणि शिका हे काही आपण अमेरिकेकडून उसनं घेतलेलं नाही. पुणे विद्यापीठात आजही त्यांच्याच नावाने ही योजना चालते. गावाकडून आलेली पोरं ऑफिसात, ग्रंथालयात, बागेत तास भरतात आणि महिन्याचा खर्च काढतात. त्याच ग्रंथालयात पलीकडच्या टेबलावर बसलेल्या परदेशी पोराला मात्र व्हिसा आडवा येतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याच पोरांना कामं नाहीत. बरोबर आहे. पण सरकारी पाहणीचे आकडे बघा. देशात उच्च शिक्षण घेणारे ४ कोटींच्या वर, त्यात परदेशी पन्नास हजारांच्या आत. हजारात जेमतेम एक. उलट आपले १३ लाखांवर विद्यार्थी बाहेर आहेत. तिकडच्या लोकांनीही हेच म्हटलं तर? म्हणायला लागलेच आहेत.

दुसरी शंका मला माहीत आहे. नालासोपारा. प्रगतीनगरचं नाव काढलं की अमली पदार्थांचे छापे आणि मुदत संपलेले व्हिसा आठवतात. ते खोटं नाही, आणि गुन्हा करणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाहीये. पण कातडीचा रंग बघून सगळ्यांना एकाच दोरीत बांधायचं, आणि तेच आपल्या पोराशी परदेशात कुणी केलं की ‘वंशवाद’ म्हणून ओरडायचं, हे जमणार नाही. शिवाय उलटा विचार करा. ज्या पोराचे तास विद्यापीठाच्या हजेरीवर आहेत, मजुरी बँक खात्यात जमा होते, हजेरी घसरली तर काम बंद, तो पोरगा नजरेसमोर राहतो. रोखीत, रात्रीचं, कुणाच्या तरी गाळ्यात राबणारा दिसत नाही. आणि त्याची मजुरी कुणी बुडवली तर तो पोलिसांतही जाऊ शकत नाही, कारण आधी तोच पकडला जाणार.

मी काही सगळा बाजार खुला करा म्हणत नाही. फक्त कॅम्पसवर, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला १५ तास, विद्यापीठाच्या लेखी परवानगीने. आलेल्या एक्सचेंजवाल्यांनाही तेच. ‘स्टडी इन इंडिया’ची जाहिरात आपण २०१८ पासून करतोय, नव्या शैक्षणिक धोरणातही परदेशी विद्यार्थी यावेत असं लिहिलंय. बोलवायचं, फी घ्यायची आणि हात बांधून ठेवायचे, हा कुठला पाहुणचार?

व्हिसाचे नियम केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात आहेत, म्हणजे विषय दिल्लीचा. आपल्या खासदारांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी लिहून ठेवलाय. ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांनी आधी सही करावी. पहिली सही त्या भाजीवाल्या ताईंची झालीये.