लंबवर्तुळाची बदनामी

गेल्या रविवारी भाची भूगोलाची वही घेऊन आली. "मामा, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते ना रे?" वहीत पुस्तकातून उतरवलेली आकृती होती. पृथ्वीची कक्षा चांगली काकडीसारखी लांबट. ती बघून मीही तेच उत्तर दिलं असतं. खरं सांगायचं तर कॉलेज संपेपर्यंत मी तेच समजत होतो!

म्हटलं, चल, खरी कक्षा काढू. दोन टाचण्या, त्यांच्यामध्ये सैल बांधलेला दोरा, दोरा ताणून धरणारी पेन्सिल. पेन्सिल फिरवली की लंबवर्तुळ तयार. टाचण्या म्हणजे त्याच्या नाभी. त्या जवळ आणत गेलं की आकार गोल होत जातो, आणि दोन्ही एकाच जागी आल्या की वर्तुळ. म्हणजे वर्तुळ हा काही वेगळा प्राणी नाही, लंबवर्तुळाचाच एक खास प्रकार. वेब पेज बनवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बॉर्डर-रेडिअस ५० टक्के दिलं की चौरसाचं वर्तुळ होतं आणि आयताचं लंबवर्तुळ. कोड तोच.

आता गंमत बघा. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता आहे ०.०१६७. कागदावर २० सेंटिमीटर लांबीची कक्षा काढायची तर टाचण्यांमध्ये अंतर ठेवायचं जेमतेम ३.३ मिलिमीटर. आणि तयार आकृतीची रुंदी लांबीपेक्षा किती कमी? ०.०३ मिलिमीटरसुद्धा नाही! पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते. डोळ्यांना ते वर्तुळच दिसणार.

पण सूर्य मध्यावर नसतो. तो एका टाचणीच्या जागी, म्हणजे मध्यापासून १.७ मिलिमीटर सरकलेला. हे मात्र नीट बघितलं तर दिसतं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. उत्केंद्रता थोडी असली की आकार चपटा होण्याआधी नाभी मध्यापासून सरकलेली कळते. पुस्तकातलं चित्र नेमकं उलटं शिकवतं.

मंगळाची उत्केंद्रता बरीच जास्त, ०.०९३. तरी २० सेंटिमीटरच्या आकृतीत तो चपटेपणा एक मिलिमीटरही भरत नाही. केप्लरने टायको ब्राहेच्या नोंदींवरून हा चपटेपणा शोधून काढला, तोही दुर्बिणीशिवाय घेतलेल्या नोंदींवरून! गणित आणि नोंदी यांत ८ कलांचा फरक येत होता, म्हणजे आकाशातल्या पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भाग. "चालतंय की" म्हणून त्याने तो सोडून दिला नाही, आणि १६०९ साली वर्तुळ मोडीत निघालं. आमच्याकडे एवढासा बग 'नोन इश्यू' म्हणून बंद झाला असता.

असो. तर भाचीला दुसरा आकडा दाखवला. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, असते जानेवारीच्या सुरुवातीला. सर्वांत लांब, १५.२ कोटींवर, असते जुलैत. "म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा सूर्य जवळ?" अगदी बरोबर. उन्हाळा होतो तो पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे.

कोणी म्हणेल, आकृती थोडी लांबट काढली तर काय बिघडलं? मुलांना लंबवर्तुळ दिसायला तर हवं! मला हे पटत नाही. परिच्छेद विसरला जातो, चित्र डोक्यात राहतं. आणि या चित्रातून चुकीचं उत्तर अगदी तर्कशुद्ध पद्धतीने निघतं. मूल ढ असतं म्हणून चुकत नाही, चित्रावर विश्वास ठेवतं म्हणून चुकतं. त्यापेक्षा सरळ गोल काढा, सूर्य किंचित बाजूला ठेवा आणि मुलांना विचारा, तो मध्यावर का नाही?

भाचीने वहीत तसंच चित्र काढून नेलंय. सोमवारी तिच्या बाई लाल शाईने काय लिहितात, याची मलाच जास्त धाकधूक आहे :)