चौकशी खात्याबाहेरच हवी

मार्च २०२१ मध्ये मुंबई पोलीस दलाची अब्रू चव्हाट्यावर आली. स्फोटकांच्या मोटारीच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने गुन्हे शाखेच्या अधिकाऱ्याला अटक केली. आयुक्तांची बदली झाली आणि त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्र्यांवर महिन्याला १०० कोटींच्या वसुलीचा आरोप केला. मंत्र्यांनी तो नाकारला, तरी एप्रिलमध्ये खुर्ची सोडली. त्याआधीच दलात बदल्यांचा धडाका उडाला होता.

बदल्यांनी साखळी तुटते, असे सांगितले जाते. मला हे मुळीच मान्य नाही. साखळी माणसांची नसते, मलईदार जागांची असते. पैसे मोजून ठाणे मिळवणारा ते वसूल करणारच. त्याला हलवले की तीच जागा पुन्हा बोलीला निघते. २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान कार्यकाळाचा आदेश दिला तो उगाच नाही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला खरा, पण ‘लोकहित’ आणि ‘प्रशासकीय निकड’ ही दारे उघडी ठेवली.

‘लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे की!’ आहे, आणि तिथे निष्ठेने सापळे लावणारी माणसेही आहेत. पण विभाग गृहखात्याखाली, अधिकारी पोलीस दलातूनच आलेले आणि मुदत संपली की तिथेच परतणारे. उद्या ज्याच्या हाताखाली काम करायचे, त्याच्या घरावर आज छापा कोण घालील?

हाँगकाँगमध्येही लाचेची चौकशी करणारी शाखा पोलिसांचीच होती. १९७३ मध्ये पीटर गॉडबर या वरिष्ठ अधिकाऱ्याची चौकशी सुरू असताना तो विमानतळावरचा पोलीस पास वापरून इंग्लंडला निसटला. लोक रस्त्यावर उतरले. न्यायाधीश ब्लेअर-केर यांच्या चौकशीनंतर १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला उत्तर देणारा आयोग उभा राहिला. गॉडबरला परत आणून १९७५ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

अशाने पोलिसांचे मनोधैर्य खचेल, हा शेवटचा आक्षेप. तिथे तर १९७७ मध्ये पोलिसांनी आयोगाच्या कार्यालयात घुसून मारहाण केली आणि गव्हर्नरांना जुन्या गुन्ह्यांपैकी बहुतेकांना माफी द्यावी लागली. ही तडजोड मला कडू वाटते. तरी आयोग टिकला, दल कोसळले नाही आणि हप्त्याची जुनी टोळीबाज पद्धत मोडली. मनोधैर्य खचते ते पैसे न मोजल्यामुळे वर्षानुवर्षे आडबाजूला पडलेल्या प्रामाणिक निरीक्षकाचे. त्याची बाजू कोणी मांडत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. लाचलुचपत विभाग गृहखात्यातून काढून विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या स्वतंत्र आयोगाकडे द्या. त्याचे तपास अधिकारी वेगळ्या भरतीने घ्या. पोलीस दलातून जे येतील, त्यांची परतीची वाट कायद्यानेच बंद करा.