इतिहासाचे ओझे कुणाला?

२०१९ च्या मार्च महिन्यात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातून तीन प्रकरणे वगळली. कारण असे सांगण्यात आले की, विद्यार्थ्यांवरील ओझे कमी करावयाचे आहे. त्यांतील एक प्रकरण पोशाखाच्या सामाजिक इतिहासाचे होते आणि त्यात त्रावणकोरच्या शाणार स्त्रियांची हकीकत होती. छाती वस्त्राने झाकली एवढ्याच ‘अपराधा’साठी १८२२ साली सवर्णांनी या स्त्रियांवर भररस्त्यात हल्ले केले. दीर्घ झगड्यानंतर १८५९ साली संस्थानाने त्यांना अंग झाकण्याची मुभा दिली. तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसायचे नाही या अटीवर! पुढे २०२२ साली बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून २००२ च्या गुजरातमधील हिंसाचाराचा भागही गेला.

नववीच्या त्या पुस्तकात हिटलर व नात्झीवादावरचे प्रकरण मात्र २०१९ साली कायम राहिले. ते राहिले याचा आम्हांला आनंदच आहे. साठ लाख ज्यूंची हत्या एका सुशिक्षित राष्ट्राने कशी केली, हे प्रत्येक मुलाने शिकलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, जर्मनांचे पाप ज्या मुलाला पेलते त्याला त्रावणकोरचे पाप जड कसे होते? उत्तर उघड आहे. ओझे मुलांना होत नाही. त्यांच्या वडीलधाऱ्यांना होते. दुसऱ्याच्या अपराधाचा इतिहास ऐकताना माणूस न्यायाधीशाच्या आसनावर बसतो. स्वतःच्या समाजाचा ऐकताना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

ही दुर्बलता केवळ आपलीच नव्हे. ज्या जर्मनीने ज्यूंच्या संहाराचा इतिहास आपल्या शाळांतून शिकवला, तिलाही १९०४ ते १९०८ या काळात आजच्या नामिबियात हेरेरो व नामा लोकांच्या आपण केलेल्या कत्तलीला ‘वंशसंहार’ म्हणायला २०२१ साल उजाडावे लागले.

जुन्या जखमा उकरल्या तर मुलांच्या मनांत द्वेष उत्पन्न होईल, असा युक्तिवाद केला जातो. वरकरणी तो सोज्ज्वळ वाटतो. वस्तुतः मूल शाळेत येण्यापूर्वीच पाणवठ्यावर, जेवणाच्या पंक्तीत आणि आडनावाच्या चौकशीत जात शिकून आलेले असते. त्याला शिकवायचे राहते ते एवढेच की, ही व्यवस्था देवाने घडवलेली नाही. माणसांनी घडवली आणि माणसेच ती मोडू शकतात. जो शिक्षक हे सांगत नाही, तो तटस्थ राहत नाही. तो मुलाला आधीच मिळालेल्या धड्यावर शिक्कामोर्तब करतो.

म्हणून अन्यायाचा इतिहास कर्त्यासह शिकवला पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे सांगून थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या कुणी चालवल्या, १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून तळे ‘शुद्ध’ कुणी करून घेतले, हेही मुलांना कळले पाहिजे. हा नियम सोयीपुरता लावता येणार नाही. गांधीहत्येनंतर १९४८ साली महाराष्ट्रात जमावांनी निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आजच्या मुलाने आजोबांच्या अपराधाबद्दल अपराधी वाटून घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. त्या अपराधातून मिळालेले मोठेपण त्याने वारसा म्हणून मिरवू नये, एवढेच आहे.

मित्रहो, पाठ्यपुस्तक मंडळांकडे निवेदने पाठवणे आवश्यक आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली. ते ज्यांनी तरुणपणी पाहिले ती माणसे आज वार्धक्याकडे झुकली आहेत. त्यांच्या साक्षी आताच लिहून घ्या. गावच्या शाळेत, अभ्यासमंडळात त्यांना बोलवा आणि जाळणारे कोण होते, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या. पुस्तकातून प्रकरण वगळता येते; समोर बसलेल्या साक्षीदाराला कोणती परिषद वगळणार?