उसाच्या ट्रॉलीला बाजूचा इंडिकेटरही हवा

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या रस्त्यांचं रूपच बदलतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि बाजूंनी बाहेर आलेला ऊस. अंधारात मागून येणाऱ्याला समोर काय आहे हे जवळ गेल्यावरच कळतं. अशा ट्रॉलीवर दुचाकी आदळल्याच्या बातम्या दर हंगामात वाचायला मिळतात.

म्हणूनच ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. त्या हव्यातच. पण रिफ्लेक्टर ‘इथे ट्रॉली आहे’ एवढंच सांगतो. ‘ट्रॉली आता वळणार आहे’ हे फक्त इंडिकेटर सांगू शकतो.

मागचा इंडिकेटर पुरत नाही का?

सरळ मागे असलेल्या गाडीला पुरतो. ओव्हरटेक करायला बाजूला आलेल्या दुचाकीला पुरत नाही.

समजा, दुचाकी ताशी 60 किलोमीटरने येतेय. म्हणजे ती एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. दुचाकीस्वार उजवीकडून पुढे निघाला आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आला. आता ट्रॉलीचा मागचा दिवा त्याच्या पाठीमागे गेला. ट्रॅक्टरचा इंडिकेटर उसाच्या आड आहे. नेमकं त्याच वेळी चालकाने उजवीकडच्या पाणंदीकडे किंवा कारखान्याच्या गेटकडे वळायला सुरुवात केली तर? चालकाने इंडिकेटर दिलेला असतो, पण दुचाकीस्वाराला तो दिसतच नाही. चूक कोणाची हा वाद नंतरचा. ट्रॉलीच्या बाजूला दिवा लुकलुकत असता तर तो मागेच थांबला असता.

परदेशात सुट्टीला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, गाडीमागे ओढून नेणारे लोक हौसेने बाजूला जादा इंडिकेटर बसवून घेतात. आपल्या ट्रॉल्यांना त्याची गरज कितीतरी जास्त आहे.

कुठे आणि कोणते दिवे लावायचे?

प्रत्येक ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना किमान एक, जमल्यास दोन दिवे लावा: एक पुढच्या भागात, एक मागच्या. जागा उसाच्या खाली, चासीच्या पट्टीवर घ्या, म्हणजे लोंबणारा ऊस आणि पाचट दिव्यावर येणार नाही. रंग केशरी-पिवळाच हवा. लाल रंग मागच्या दिव्यांसाठी असतो. 12 व्होल्टचे, पाणी न शिरणारे एलईडी दिवे चांगले.

वायरिंग करताना

* बाजूचा दिवा त्याच बाजूच्या मागच्या इंडिकेटरच्या वायरला जोडा. डावा डाव्याला, उजवा उजव्याला. वेगळं बटण लागत नाही.
* अर्थिंगची वायर स्वतंत्र ओढा. ट्रॅक्टरच्या हुकातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे ग्रीस आणि गंज असतो.
* दुसऱ्या ट्रॉलीसाठी पहिल्या ट्रॉलीच्या मागे सॉकेट बसवा. वळताना वायर ताणली जाऊ नये म्हणून थोडी ढील ठेवा.
* वायर पाइपमधून न्या, नाहीतर ऊस भरता-उतरवताना तुटते.
* इंडिकेटर मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. वेग बिघडला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्लॅशर तपासून घ्या. मागचा 21 वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर करंट घेतो. छोटा एलईडी त्यामानाने अगदीच कमी घेतो, त्यामुळे बॅटरीवर भार पडेल ही भीती नको.

काम झालं की एकाने ट्रॅक्टरवर बसावं, दुसऱ्याने दोन्ही ट्रॉल्यांभोवती फेरी मारावी. डावा, उजवा, ब्रेक, टेललाइट, सगळं बघावं. एक इंडिकेटर दिल्यावर बाकीचे दिवेही मंद लुकलुकत असतील तर आधी अर्थिंग तपासा.

रोज तपासायला वेळ कुठे आहे?

कारखान्यावर आहे. वजनकाट्यापुढे ट्रॉल्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. तेव्हा फडक्याने दिवे पुसायला आणि एकदा चालू करून बघायला दोन मिनिटं पुरतात. कारखान्यांनीही हंगामाच्या सुरुवातीला ऊस वाहतुकीचे करार करताना दिवे बघूनच ट्रॉली घ्यावी.

आणखी एक गोष्ट विसरू नका. बीड जिल्ह्यातून येणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबं याच ट्रॉल्यांमधून प्रवास करतात. संसार, जनावरांचा चारा आणि लेकरं, सगळं त्यात असतं. दिवा त्यांच्यासाठीही आहे.

आणि आपण मागे असू तेव्हा?

कारखान्याचं गेट, पाणंद, शेताची वाट जवळ असेल तिथे ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका. डिपर द्या, हॉर्न वाजवा, ट्रॅक्टरची पुढची चाकं सरळ आहेत का ते बघा आणि मगच पुढे जा. चार मिनिटं उशीर झाला तरी घरी पोहोचाल.

तुमच्या काकांकडे, मामांकडे ट्रॅक्टर असेल तर हा लेख त्यांना आजच पाठवा. हंगाम सुरू होण्याआधी ट्रॉली रिकामी असते, तेव्हाच हे काम सोपं होतं.