गोधडीची सरळ ओळ

पावसाळा सरला आणि उन्हे कोरडी झाली, की घरोघरी ट्रंका उघडतात. वर्षभर डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलेले कपडे गच्चीवर येतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही बाहेर येतो: नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत, अशा लुगड्यांचे करावे काय? बोहारीण त्यांच्या बदल्यात एखादे पातेले देते. पण काही लुगडी अशी असतात, की त्यांच्या बदल्यात आलेल्या पातेल्यात दूध तापवताना मन स्वस्थ राहत नाही.

बंगळूरच्या आमच्या बिऱ्हाडात गेल्या वर्षी अशी चार लुगडी आली. निपाणीकडच्या घरी आजी वारली आणि तिची ट्रंक माझ्या आईच्या वाट्याला आली. दोन लुगडी इरकली होती, दोन साधी चौकडीची. आईने ती मांडीवर घेतली, एकेकावरून हात फिरवला आणि म्हणाली, “यांची गोधडी करू या. माझे डोळे आहेत तोवर होऊ दे.”

हे वाक्य तिने सहज उच्चारले असले, तरी ते सहज नव्हते. आईला काचबिंदू आहे. या विकारात दृष्टीचा घेर कडेकडेने आवळत जातो. गेलेली दृष्टी परत येत नाही आणि रोज नेमाने घातलेले थेंब उरलेली दृष्टी राखण्यापुरतेच असतात. तेव्हा गोधडी करायची, ती तिच्या हातची व्हावी, एवढे मी मनाशी ठरविले. परंतु पहिली चूक मीच केली.

नक्षी निवडण्याचे काम मी आपल्याकडे घेतले होते. अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाला देशोदेशीची पुस्तके चाळण्याची सवय असते. त्यांतून मी मध्यभागी मोठे कमळ आणि भोवती वेलबुट्टी असा एक नमुना उतरवून घेतला. पाकळ्यांच्या वळणावर दोरा थोडा ओढला गेला, की कापड फुगे. फुगवटा बसवावा म्हणून दोरा आणखी ओढावा, तर विरलेले सूत चिरून जाई. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, आईला त्या नक्षीत हातच घालता येईना. वळणाची रेघ डोळ्यांनीच शोधावी लागते. ती शोधता शोधता तिने सुई खाली ठेवली आणि काही न बोलता देवापुढची वात लावायला उठली. त्या रात्री मी सगळे कमळ उसवून टाकले.

आमच्या शेजारी धारवाडकडच्या एक अज्जी राहतात. गोधडीला त्यांच्या कन्नडमध्ये कौदी म्हणतात. उसवलेले कापड पाहून त्यांनी विचारले, “ही अंगावर घ्यायची, की भिंतीवर टांगायची?” प्रश्न थोडा बोचला; पण गोधडीची नक्षी निवडताना सर्वांत आधी विचारावा, असा प्रश्न तोच आहे.

गोधडीतील टाका हा मुळात शोभेसाठी नसतो. तीन-चार थर एकमेकांवर घसरू नयेत, धुताना आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊ नये, हे त्याचे काम. ऊब कापडापेक्षाही थरांत कोंडलेल्या हवेमुळे राहते. म्हणून ओळी विरळ असतील, तर गोधडी मऊ आणि उबदार होते, पण थर लवकर सुटतात. ओळी दाट असतील, तर ती टिकते, पण हवा दबून चटईसारखी ताठ होते. खाली अंथरायची वाकळ असेल तर ओळी अर्ध्या-पाऊण इंचावर घालाव्यात. पांघरायची असेल तर दीड इंच, म्हणजे साधारण दोन बोटे, अंतर पुरते. आत कापडाच्या थरांऐवजी सुटा कापूस भरला असेल, तर मात्र फार विरळ ओळी घालू नयेत. कापसाचे गोळे होतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे; येथील पौष-माघातील पहाटेला चार थरांची, विरळ ओळींची गोधडी पुष्कळ झाली.

आता सरळ ओळीतही निवड आहेच. तिचे चार मुख्य प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर उभ्या ओळी. हा सर्वांत सोपा. कोरियात ‘नुबी’ नावाची शिवणकला आहे. तिचे सारे सौंदर्य अशा बारीक, समांतर ओळींतच सामावलेले असते. मात्र या प्रकारात प्रत्येक ओळीच्या शेवटी दोरा तोडावा लागतो किंवा कडेने वळवून आणावा लागतो.

दुसरा, उभ्या-आडव्या ओळींची चौकडी. थर दोन्ही अंगांनी बांधले जातात, म्हणून वरचेवर धुतल्या जाणाऱ्या दुपट्याला ती चांगली. श्रम मात्र दुप्पट.

तिसरा, तिरकस ओळी. दिसायला हा प्रकार देखणा. पण कापड तिरपे धरले की ताणते, आणि जुने कापड तर अधिकच. सवयीच्या हातानेच त्याच्या वाटेला जावे.

चौथा, चौकटीच्या आत चौकट. बाहेरच्या कडेला लागून पहिला फेरा घालायचा, कोपऱ्यावर वळायचे आणि फेरे घालीत घालीत मध्यापर्यंत यायचे. अज्जींची कौदी अशीच होती. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज घरात कोकणी बोलतात. त्यांच्या स्त्रिया ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात, तीही एका कोपऱ्यापासून निघून कडेकडेने मध्यभागी पोचते. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुले बसविल्यावाचून त्यांच्या लेखी कवंद पुरे होत नाही. फुलांवाचून ते उघडे दिसते असे त्या मानतात. 2011 साली या कवंदांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात भरले होते.

आम्ही हा चौथा प्रकार घेतला. कारण अज्जींनी आईचा हात धरून दाखविले. गोधडीची कड डोळे मिटूनही बोटांना लागते. कडेपासून दोन बोटे आत पहिली ओळ. ती ओळ पुरी झाली, की तिचे उंचवटे बोटांना लागतात. त्यांच्यापासून दोन बोटे आत दुसरी. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला वाट दाखविते. ज्या कामात डोळ्यांचा आधार कमी पडतो, त्यात आधीच्या टाक्यांचा आधार मिळतो, ही सरळ ओळीची थोरवी मला त्या दिवशी समजली. अंधुक दिव्याच्या उजेडात, दिवसभराच्या कामानंतर, म्हाताऱ्या हातांनी गोधड्या कशा शिवल्या जात, याचेही उत्तर बहुधा त्यातच असावे.

कृतीचा थोडा तपशील सांगते. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट; त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद होतो. धडक्या लुगड्याचे दोन भाग बाहेरच्या दोन बाजूंना घ्यावेत, विरलेल्याचे दोन भाग आत. कापड उजेडासमोर धरून पाहावे. बसण्याच्या आणि गुडघ्यांच्या जागी सूत विरलेले असते, तेथे ठिगळ आधीच लावावे. इरकलीचा रेशमी पदर सुळसुळीत असल्याने थर घसरतात. तो या कामातून वेगळा काढावा. चौकडीचे लुगडे वरच्या बाजूला घेतले तर आखणीचे श्रमच वाचतात. विणकराने रेघा अगोदरच घालून ठेवलेल्या असतात. साधे कापड असेल तर ताणून धरलेला दोरा आणि साबणाची कोरडी चीप पुरे.

फेरे बाहेरून आत घालायचे, तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. सगळे थर फरशीवर पसरून, मधून कडांकडे हात फिरवीत, आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी पक्के करून घ्यावेत. हे केले नाही, तर सगळा ढिलेपणा मध्यभागी येऊन साचतो आणि शेवटच्या फेऱ्यांत चुण्या पडतात. दोरा जाड सुती असावा. कापडाहून फार बळकट दोरा ताण पडताच कापडालाच कापतो. वीतभर धावदोरा घातला, की थांबून तळव्याने ओळ सपाट करावी. दीड इंचाच्या अंतराने एका गोधडीत सुमारे 200 फूट ओळ भरते; अंतर निम्मे केले, तर 400 फूट. हा हिशेब आधी केला म्हणजे निवड शहाणपणाने होते.

आम्हांला दोन महिने लागले. सुई ओवून देणे माझ्याकडे, टाका आईकडे. संध्याकाळी उजेड कमी झाला तरी ती थांबत नसे. तेराव्या फेऱ्यात तिने विचारले, “वाकडी झाली का गं?”

झाली होती. दोन ठिकाणी ओळ आत झुकली होती आणि एका ठिकाणी अंतर चार बोटांवर गेले होते. क्षणभर वाटले, ‘सरळ आहे’ म्हणून सांगावे. पण तिने त्या वेळेपर्यंत माझ्याशी कधी असले खोटे बोलल्याचे मला आठवेना. मी जागा सांगितल्या. तिने तिन्हींवरून बोट फिरविले आणि म्हणाली, “ही चार बोटांची उसव. इथे थर सुटतील. बाकीच्या दोन राहू देत. त्यांनी थंडी काही आत येत नाही.”

कोणती ओळ उसवावी आणि कोणती राहू द्यावी, याचा याहून चांगला नियम मला कोणत्याही पुस्तकात आढळलेला नाही.

शेवटी मध्यभागी तळहाताएवढी पट्टी उरली. तेथली शेवटची ओळ आईने घातली, गाठ थरांच्या आत ओढून घेतली आणि दोरा दातांनी तोडला. आता ती गोधडी तिच्याच पलंगावर असते. रात्री दिवा मालविल्यावर तिचा हात कधी कधी ओळींवरून फिरताना मला दिसतो. उरलेली दोन लुगडी या दसऱ्यानंतर घ्यायची आहेत. या खेपेस दोरा थोडा अधिक जाड घ्यावा, असे तिने आतापासूनच बजावून ठेवले आहे. म्हणजे ओळ बोटांना लवकर लागेल.