वाचक हरवला की वाट बुजली?

दरवर्षी १५ ऑक्टोबर उजाडला की महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून वाचनाचे गोडवे गाइले जातात. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळण्याचा प्रघात राज्य शासनाने २०१५ सालापासून पाडला आहे. त्या दिवशी व्यासपीठावरून जे बोलले जाते त्याचा मथितार्थ ठरलेला असतो. नव्या पिढीला ग्रंथांची गोडी उरली नाही, मोबाईलने तिला गिळून टाकले आहे, आमच्या काळी असे नव्हते! टाळ्या पडतात, हारतुरे होतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतील पुस्तकांच्या कपाटाला पुन्हा कुलूप लागते. ज्या मुलाला वाचत नाही म्हणून आपण बोल लावतो, त्याच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्याला रुचेल असे एखादे नवे पुस्तक अल्प वर्गणीत मिळते काय, हा साधा प्रश्न मात्र या वार्षिक शोकसभेत कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न आम्ही आज विचारू इच्छितो. वाचनाचा ऱ्हास हा मुख्यतः अभिरुचीचा ऱ्हास आहे, असे मानण्यास आम्ही तयार नाही. आवड ही सोयीच्या मागोमाग येते. जिथे पुस्तकच हाती पडत नाही, तिथे आवड कोठून रुजणार? आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कोठून?

मोबाईलवरील आरोप सर्वस्वी खोटा आहे, असे कोणी म्हणणार नाही. २०१६ नंतर इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि मनुष्याच्या फुरसतीचा प्रत्येक क्षण विकत घेणारी यंत्रणा त्याच्या खिशात येऊन बसली. चित्रपट पाहायला घराबाहेर जावे लागे. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, त्याचेही कार्यक्रम ठरावीक वेळी संपत. या नव्या यंत्राला ना वेळ आहे ना अंत. दोनशे पानांच्या कादंबरीला जे सलग अवधान लागते, त्याचे ते तुकडे करते, हे खरेच आहे. परंतु मोबाईल केरळातही आहे. तरीही तेथील गावोगावच्या ग्रंथशाळा अद्याप जागत्या आहेत. तेव्हा सारा दोष एका यंत्राच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल. मोबाईल काही संन्यासी नव्हे, हे मान्य. पण त्याच्या आडून खरे अपराधी निसटत आहेत, त्याचे काय?

लोकांना वाचायला नकोच आहे, असे म्हणावे तर त्याविरुद्ध पुरावा डोळ्यांसमोर आहे. साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण ओस पडेल, पण ग्रंथप्रदर्शनात पाय ठेवायला जागा नसते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. ती परंपरा आज शतक उलटूनही चालू आहे आणि वाचनालयांतून या अंकांसाठी नंबर लागतात. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आवृत्त्या अजूनही निघतात. पांचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ साली घराघरांतून पुस्तके मांडली गेली, तेव्हा स्ट्रॉबेरीसाठी जाणारे पर्यटक पुस्तकांपाशी थबकू लागले. पुस्तक माणसाच्या वाटेत आणून ठेवले की तो ते उचलतो, एवढाच याचा अर्थ.

आता थोडा हिशेब मांडू. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. २०११ साली ते ७४ टक्क्यांवर गेले आणि महाराष्ट्रात तर ८२ टक्क्यांवर. मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २०११ साली आठ कोटी तीस लाख भरली. लिहिता-वाचता येणारा मराठी समाज इतका मोठा यापूर्वी कधीच नव्हता. आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती? जुन्या काळी ती हजार प्रतींची धरली जाई. आज गंभीर विषयावरील पुस्तकाच्या पाचशे प्रती छापतानाही प्रकाशक दहा वेळा विचार करतो. हजार प्रतींची आवृत्ती धरली तरी त्र्याऐंशी हजार माणसांमागे एक प्रत असे प्रमाण पडते.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवला म्हणजे रोगाचे निदान आपोआप होते. महाराष्ट्रात शासनाचे अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये अकरा ते बारा हजारांच्या घरात आहेत. यांपैकी निम्म्यांनी जरी एका चांगल्या पुस्तकाची एकेक प्रत घेतली, तरी साडेपाच-सहा हजार प्रती संपल्या पाहिजेत. प्रत्यक्षात पाचशे संपत नाहीत. मग ही ग्रंथालये घेतात तरी काय, आणि कशाच्या बळावर घेतात?

याचे उत्तर शोधण्यासाठी १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाकडे वळावे लागते. राज्य स्थापन झाल्यानंतर सात वर्षांत झालेला हा कायदा चांगल्या हेतूने केलेला होता. सरकारने स्वतः ग्रंथालये चालविण्याऐवजी लोकांनी चालविलेल्या संस्थांना अनुदान द्यावे, हे त्याचे सूत्र. गावकऱ्यांच्या उत्साहाला सरकारी हातभार, ही कल्पना कोणालाही पटावी. परंतु अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत ही ग्रंथालये बसवून त्यांच्या पदरात जे टाकले जाते, ते पाहिले म्हणजे हातभार कोणता आणि भिक्षा कोणती, असा प्रश्न पडतो. २०१२ नंतर अनुदानाचे दर दहा वर्षे जागचे हलले नाहीत. २०२२ साली त्यांत साठ टक्के वाढ झाली आणि तिचा गाजावाजाही झाला. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या, म्हणजे बहुधा खेड्यातल्या, ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये आले. महिन्याला चार हजार! त्यात ग्रंथपालाचे वेतन, जागेचे भाडे, वीज, वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि पुस्तके. जो मनुष्य गावाची बौद्धिक भूक भागवायची, त्याच्या स्वतःच्या पोटाची ही व्यवस्था. तो दिवसातून दोन तास कुलूप उघडतो यातच त्याचे उपकार मानले पाहिजेत.

पुस्तकांसाठी जे चार पैसे उरतात, त्यांचीही वाट सरळ नाही. केवळ ग्रंथालयांना विकण्यासाठी पुस्तके काढण्याचा एक धंदा मराठीत फोफावला आहे. किंमत भरमसाट छापावयाची, सूटही भरमसाट द्यावयाची, म्हणजे कागदोपत्री संख्या भरते आणि सर्वांचे समाधान होते. फक्त वाचकाचे होत नाही. अशा कपाटांसमोर उभा राहिलेला तरुण रिकाम्या हाताने परत जातो आणि पुन्हा फिरकत नाही; मग आपण म्हणतो, त्याला वाचनाची आवड नाही. शहरांतील अनेक ग्रंथालयांनी तगून राहण्यासाठी अभ्यासिका उघडल्या आहेत. स्पर्धापरीक्षांना बसणारी मुले तिथे पहाटेपासून जागा धरतात. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु एका बाजूस खुर्च्या भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूस कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांवर धूळ, हे दृश्य काही सुचिन्ह नव्हे.

पैसा कोठून आणावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भूमीत एकदा दिले गेले होते. ग्रंथालयांसाठी पहिला कायदा हिंदुस्थानात झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. त्याच्याही आधी, १९१० पासून, सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात मोफत ग्रंथालयांची चळवळ उभारली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या. सक्तीचे शिक्षण दिलेल्या प्रजेला वाचावयास काही मिळाले नाही, तर दिलेली अक्षरेही पुसली जातील, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. मद्रास प्रांताने १९४८ साली डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नाने कायदा केला आणि मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविला. कर्नाटकाने १९६५ साली व केरळाने १९८९ साली तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात मात्र उपकर वगळला आणि ग्रंथालयांना अर्थसंकल्पाच्या मर्जीवर सोडून दिले. आज पुणे-मुंबईच्या नागरिकाला मालमत्ताकराचे जे बिल येते, त्यात वृक्ष उपकर असतो, शिक्षण उपकर असतो; ग्रंथालयासाठी एक पैसाही नसतो. उपकर बसविला म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नाही. कर्नाटकात गोळा झालेली रक्कम स्थानिक संस्थांकडे अडकून राहिल्याच्या तक्रारी आहेतच. म्हणून उपकर असावा आणि तो परस्पर ग्रंथालय निधीत जमा करण्याचे बंधनही कायद्यात असावे.

तथापि ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत येणारा वाचक घडतो तो शाळेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलेच पाहिजे, त्यात गोष्टींची पुस्तकेही असली पाहिजेत, असे सांगितले आहे. परंतु ती पुस्तके मुलांच्या हाती देणाऱ्या ग्रंथपालाची तरतूद प्राथमिक शाळेसाठी त्यात नाही. परिणामी पुस्तके जपली जातात, वाचली जात नाहीत. हरवले तर भरून कोणी द्यायचे, या धास्तीने ती कपाटात सुरक्षित राहतात. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनाच दुसरीचा उतारा नीट वाचता आला. अक्षराला अक्षर जोडताना ज्याची दमछाक होते, त्याला कथेतील रस कसा चाखता येणार? वाचन सहज झाले की मगच त्याचा आनंद होतो, आणि ते सहज होते पुष्कळ, सोपे आणि आवडीचे वाचल्याने. पाठ्यपुस्तकावर ही कला साधत नाही.

आणि आता शेवटचा, सर्वांत अप्रिय मुद्दा. सरकारला दोष देणे सोपे आहे. पण महाराष्ट्रातील जुनी ग्रंथालये सरकारच्या अनुदानावर उभी राहिली नव्हती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने निघाले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली. परकीय सत्तेखाली, बेताच्या प्राप्तीत, त्या पिढीच्या सुशिक्षितांनी आपल्या भाषेतील प्रत्येक ग्रंथ जपण्याचा संकल्प सोडला. शिक्षकांनी, वकिलांनी, कारकुनांनी वर्गण्या भरून अशा संस्था चालविल्या. त्यांचेच वंशज आज सुस्थितीत आहेत. ते मुलांना इंग्रजी शाळेत घालतात, हवे ते पुस्तक घरबसल्या मागवितात आणि पोहण्याचा तलाव व व्यायामशाळा असलेल्या, पण वाचनालय नसलेल्या वसाहतींतून राहतात. ग्रंथालयाची त्यांना गरज उरली नाही. ज्या सार्वजनिक सोयीतून बोलका वर्ग निघून जातो, ती सोय मुकी होते, हा अनुभव आपण सरकारी शाळांच्या बाबतीत घेतलाच आहे. ग्रंथालयांचे अनुदान दहा वर्षे गोठले, तरी मध्यमवर्गीय महाराष्ट्रात एक पानही हलले नाही, याचे कारण हेच.

यात नुकसान कोणाचे होते? चारशे रुपयांचे पुस्तक विकत घेण्याची ऐपत असलेल्याचे नव्हे. नुकसान होते ते वस्तीतल्या आणि खेड्यातल्या त्या मुलीचे, जिच्या घरात पहिल्यांदाच अक्षर शिरले आहे आणि जिला पाठ्यपुस्तकापलीकडचे जग दाखविणारे दुसरे दार नाही. तिच्या हाती मोबाईल आपण दिला; पुस्तक दिले नाही. शिवाय स्वतंत्रपणे वाचणारा नागरिक हा लोकशाहीचा आधार आहे. जो सलग वाचू शकत नाही, तो सलग विचारही करू शकत नाही, आणि अशा मनुष्याला कोणत्याही घोषणेमागे धावत नेता येते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु भाषेचे वैभव ताम्रपटांवर टिकत नाही, ते वाचणाऱ्यांच्या संख्येवर टिकते. म्हणून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. १९६७ च्या कायद्यात दुरुस्ती करून ग्रंथालय उपकर बसवावा व ग्रंथखरेदीत सुटीऐवजी गुणवत्ता पाहावी. प्रत्येक प्राथमिक शाळेसाठी, निदान चार शाळांत मिळून एक, पगारी ग्रंथपाल नेमावा. या दोन गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत आणि त्यांसाठी आमदारांना जाब विचारला पाहिजे. तिसरी मात्र सरकारच्या हातची नाही. हा अग्रलेख वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या भागातील ग्रंथालयाचे सभासद व्हावे, तिथल्या ग्रंथपालाला नव्या पुस्तकांची नावे सुचवावी, वार्षिक सभेस हजर राहून हिशेब विचारावा आणि जाताना आपल्या घरातील मुलाचे बोट धरून त्याला बरोबर न्यावे. वर्गणी सिनेमाच्या एका तिकिटाहून क्वचितच अधिक असते. वाचकांच्या नावाने गळा काढण्यापेक्षा ती भरणे अधिक उपयोगाचे ठरेल.